कोयता, खाडा आणि आजारपण

कोयता हा शब्द शब्दकोशात पाहिला तर ऊस तोडण्याचे लोखंडी हत्यार असा अर्थ सापडतो. आमच्या बीड जिल्ह्यात या शब्दाला आणखी एक अर्थ आहे व गावात तोच अधिक चालतो. कोयता म्हणजे नवरा-बायको. "यंदा मुकादमाकडं किती कोयते?" या प्रश्नाला "बारा" असे उत्तर आले की बारा जोडपी, म्हणजे चोवीस माणसे असे समजायचे. एकटा पुरुष किंवा एकटी बाई असेल तर तो 'अर्धा कोयता'. माणसाला अर्धे म्हणण्याची ही रीत आम्हांला इतकी अंगवळणी पडली आहे की महाविद्यालयात आल्यावर एका मैत्रिणीने हसून "अर्धा म्हणजे कुठला?" असे विचारले, तेव्हा कुठे त्यात काही विचारण्यासारखे आहे हे माझ्या ध्यानात आले.

या लेखात मी एका लहानशा प्रश्नाविषयी लिहिणार आहे. जोडप्यापैकी एक आजारी पडले, तर दुसऱ्याने कामावर जावे की त्याच्या उशाशी थांबावे? नोकरदार माणसाच्या घरात हा प्रश्न रजेच्या अर्जावर सुटतो. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला वर्षाला आठ दिवसांची किरकोळ रजा असते. शिवाय अर्जित रजा, अर्धपगारी रजा वेगळी. आमच्या गावच्या शाळेतील गुरुजींच्या पत्नीचे ऑपरेशन झाले तेव्हा गुरुजी पंधरा दिवस दवाखान्यात होते आणि महिनाअखेर त्यांचा पगार झाला. यात गुरुजींचे काही चुकले असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्यांनी जे केले ते प्रत्येकाला करता यावे. पण आमच्या आळीतल्या बायका त्या वेळी जे बोलत होत्या त्यात कौतुक कमी आणि नवल जास्त होते.

ऊसतोडीचा व्यवहार शहरातल्या वाचकांना ठाऊक नसेल म्हणून तो आधी सांगते. पावसाळ्यात गावात पैसा नसतो. त्या वेळी मुकादम येतो व कोयत्यामागे उचल देतो. आमच्या वडिलांनी गेल्या हंगामात एक लाख घेतले. ही उचल दोघांच्या अंगावर असते. दिवाळीच्या मागेपुढे ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसे सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर या बाजूस किंवा कर्नाटकात जातात. तेथे कोपी घालून राहायचे, फडात ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. मजुरी टनावर. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ व कामगार संघटना यांच्यात जो करार झाला, त्यात तोडणीचा दर टनाला २७४ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. वाढ ३४ टक्क्यांची, म्हणजे लहान नव्हे.

आता गणित करू. एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन तोडतो, दोनच धरू. दोन टनांचे ७३२ रुपये होतात. एक लाखाची उचल फेडायला २७३ टन ऊस तोडला पाहिजे, म्हणजे सुमारे १३७ दिवस. पंधरा नोव्हेंबरपासून एकतीस मार्चपर्यंतचे दिवस मोजले तर ते नेमके १३७ भरतात. त्यांत पाऊस पडून फड चिखलात गेला, कारखान्यात बिघाड झाला, गाडी वेळेवर आली नाही, तर ते दिवस आमचेच वजा. शिवाय पीठमीठ घेण्यासाठी मुकादम जी आठवड्याची खर्ची देतो तीही हिशोबात धरली जाते. हंगाम संपल्यावर पैसे फिटले नाहीत तर 'बाकी' राहते व पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. वाढे विकून चार पैसे सुटतात, त्यावर मीठमिरची भागते.

या गणितात आजारपणाला जागा कोठे आहे? ती 'खाडा' या शब्दात आहे. खाडा म्हणजे कामावर न गेलेला दिवस. कचेरीत गैरहजर राहिले तर फार झाले तर त्या दिवसाचा पगार जातो. ऊसतोडीत त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड बसतो. हा दंड मुकादमाप्रमाणे बदलतो. आमच्या टोळीत कोयत्याला दिवसाचे पाचशे आणि अर्ध्या कोयत्याला अडीचशे. म्हणजे दोघे एक दिवस घरी राहिले तर ७३२ ची मजुरी बुडाली आणि ५०० अंगावर चढले, असा १,२३२ रुपयांचा फटका. तो भरून काढायला जवळजवळ पावणेदोन दिवस राबावे लागते. यात डॉक्टरची फी, सलाईन आणि फडापासून गावापर्यंतचे जीपचे भाडे धरलेले नाही.

समजा, बाईला रात्री ताप भरला. पहाटे चारला टोळी उठते, तेव्हा नवऱ्यापुढे काय वाटा असतात? दोघांनीही जायचे, ही पहिली. तिने एक गोळी घ्यायची आणि जमेल तेवढी मोळी बांधायची. बहुतेक वेळा हेच घडते. दुसरी, त्याने एकट्याने जायचे. एकट्याच्या हाताने पाऊण टन निघाला तर त्याचे पावणेतीनशे रुपये होतात. त्यांतून अर्ध्या कोयत्याचा अडीचशे दंड गेला की हाती वीस-पंचवीस रुपये उरतात. तिसरी, दोघांनीही थांबायचे आणि पाचशे अंगावर घ्यायचे. म्हणजे आजारी बायकोजवळ बसणे आणि न बसणे यांत रोकड फरक सव्वापाचशे रुपयांचा आहे. अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी 'संधी-खर्च' शिकवला तेव्हा उदाहरण गहू आणि कापसाचे होते. मला मात्र वहीच्या समासात हा आकडा मांडून पाहावासा वाटला.

चौथी वाट म्हणजे बदली माणूस लावणे. पण हंगामात रिकामा माणूस सापडत नाही, सापडला तर रोज मागतो. म्हणून बदली घरातूनच काढावी लागते.

केवळ मुकादमाच्या धाकाने माणूस तापातल्या बायकोला कोपीत टाकून जातो, असे कोणी समजेल. धाक आहेच. पण खाड्याला खरे बळ टोळीमुळे येते. ट्रॅक्टरची गाडी सगळ्या कोयत्यांनी मिळून भरायची असते. ऊस तोडल्यावर लवकर गाळला नाही तर त्याचे वजन घटते, साखरेचा उताराही उतरतो. त्यामुळे तोडलेला ऊस त्याच दिवशी भरून जावा अशी कारखान्याची घाई असते. बारांतला एक कोयता कमी झाला की गाडी तेवढीच राहते आणि उरलेल्या अकरांना अंधार पडेपर्यंत मोळ्या वाहाव्या लागतात. पहिल्या दिवशी शेजारीण चहा करून आणते, दुसऱ्या दिवशी विचारपूस करते, तिसऱ्या दिवशी तिच्याच तोंडून निघते, "आमाला काय ताप येत नाय व्हय?" ती बाई वाईट नसते. तिचीही कंबर दुखत असते.

मुकादमाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. माझ्या आईच्या नात्यातले एक मामा मुकादम आहेत. त्यांना मी सरळ विचारले, "मामा, आजारी माणसाला दंड का?" ते म्हणाले, "बाई, कारखान्याचा पैसा माझ्या नावावर हाय. निम्म्या हंगामात कोयता पळाला तर मी कुणाला धरू? एकाचा ताप खरा मानला तर उद्या बाराजणांना ताप येतो." त्यांचे म्हणणे मला पटले नाही, परंतु त्यांच्या गळ्यातही दावे आहे एवढे मात्र कळले. दाव्याचे दुसरे टोक कारखान्याकडे असते, आणि कारखाना म्हणतो की ही माणसे आमची नव्हेतच, ती ठेकेदाराची.

'आमची नव्हेत' या दोन शब्दांमुळे काय काय हातचे जाते ते पाहण्यासारखे आहे. कारखान्यांतील कामगारांसाठी १९४८ च्या कायद्याने राज्य विमा योजना आली. तीत विमा उतरवलेला कामगार स्वतः आजारी पडला, तर अटी पुऱ्या झाल्यास वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. बायकामुलांना औषधोपचार मिळतो. बायको आजारी आहे म्हणून घरी थांबलेल्या दिवसाचे पैसे मात्र त्या योजनेतही नाहीत. हंगामी कारखाने तर या योजनेतून वगळलेलेच आहेत; आमच्या माणसांचा तेथे प्रश्नच येत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मोठ्या आजारासाठी रुग्णालयात ठेवल्यास खर्च होतो, आणि ती योजना आमच्या कितीतरी घरांना उपयोगी पडली आहे. परंतु कोपीत पडून राहावे लागणारे पाच दिवसांचे टायफॉईड त्यात बसत नाही, आणि उशाशी बसलेल्या माणसाचा दिवस तर कोणत्याच योजनेत बसत नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ निघाले आहे, त्यासाठी टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घेण्याचे ठरले. त्या पैशातून खाड्याची भरपाई द्यावी असे मला वाटते. आजारपणाचे दिवस मोजायला डॉक्टरची चिठ्ठी पुरेशी आहे. मुकादमाची वही तर रोजची हजेरी अगदी बिनचूक टिपते.

नवरा आजारी पडला तर काय होते, हेही सांगायला हवे, कारण दोन्ही बाजू सारख्या नाहीत. तो पडला तर ती दुसऱ्या एखाद्या जोडप्याबरोबर अर्धा कोयता म्हणून जाते, आणि जाण्यापूर्वी भाकरी करून, पाणी भरून, त्याच्याजवळ तांब्या ठेवून जाते. ती पडली तर चूलही पडते. म्हणून बाई आपले आजारपण सांगतच नाही. सांगितले तर नवऱ्याला ठरवावे लागेल, आणि ते त्याला ठरवायला लागू नये म्हणून ती उठते. याला कोणी पतिभक्ती म्हणतात. आमच्या आईला विचारले तर ती म्हणते, "भक्ती कसली, पाचशे रुपये."

हे न सांगणे कोठवर जाते ते २०१९ साली सर्वांना कळले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांची जी माहिती गोळा केली, तीत ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहांत एक. यामागे डॉक्टरांनी घातलेली कॅन्सरची भीती आहे, पैशाचा लोभ आहे, लहान वयातली लग्ने आणि बाळंतपणे आहेत. पण आमच्या आळीत या ऑपरेशनाविषयी बायका बोलताना मी जे ऐकत आले आहे त्यात एक वाक्य हमखास असते: "एकदाची कटकट मिटली, खाडा नाय." महिन्याचे दुखणे, पांढरे जाणे, कंबर धरणे, या सगळ्याचा त्या हंगामाशी हिशोब घालत असतात. त्या वर्षी वर्तमानपत्रांनी बायकांच्या अडाणीपणावर पुष्कळ लिहिले. मला त्या अडाणी वाटत नाहीत. त्यांचे गणित बरोबर होते, त्यांच्यापुढे मांडलेले आकडे भयंकर होते.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. मी बारावीत असताना जानेवारीत आईला टायफॉईड झाला. डॉक्टरांनी पंधरा दिवस काम बंद सांगितले. वडील दोन दिवस कोपीत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी गावी आजीकडे फोन केला आणि मी रात्रीच्या एसटीने गेले. अकरा दिवस आईचा कोयता मी चालवला. पूर्वपरीक्षा बुडाली, बोर्डाची दिली. वडिलांनी मला बोलावले याबद्दल मी त्यांना कधी दोष दिला नाही व आजही देत नाही. मात्र त्या दोन दिवसांविषयी ते अजून बोलतात. "दोन दिस बसलो होतो तिच्यापाशी," असे ते पाहुण्यांना सांगतात, जणू काही मोठी खरेदी केली असावी. आईही ते ऐकून घेते व काही बोलत नाही. मला वाटते, तिला ते आवडते.

यंदा निघण्यापूर्वी, उचल घेण्याच्या वेळीच, वडिलांनी मुकादमापुढे एक गोष्ट ठेवली. डॉक्टरची चिठ्ठी दाखवली तर दोन दिवस खाडा धरायचा नाही. मजुरी नको, फक्त दंड नको. मुकादम बराच वेळ तंबाखू मळत बसला आणि शेवटी हो म्हणाला. अट एवढीच, की हे बाकीच्या अकरा कोयत्यांना सांगायचे नाही. त्या दोन दिवसांतला एक डिसेंबरात आईच्या तापात गेला. त्या दिवशी वडील फडात गेले नाहीत. एक दिवस अजून शिल्लक आहे.