सावली पडण्याआधीच

दाट पेरलेल्या ज्वारीची ताटं उंच, बारीक होतात आणि वाऱ्याच्या एका झोताने लोळतात. उन्हासाठी चढाओढ, असं आपण म्हणतो. पण ही चढाओढ सावली अंगावर पडण्याआधीच सुरू होते, आणि मला ते फार विलक्षण वाटतं.

हिरवं पान ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश शोषून घेतं. ७३० च्या आसपासचा, आपल्याला जेमतेम दिसणारा दूरचा तांबडा मात्र ते बहुतांशी परतवतं किंवा आरपार जाऊ देतं. त्यामुळे शेजारी पान असेल तिथल्या उजेडात दूरचा तांबडा वाढतो. हा फरक टिपतं फायटोक्रोम नावाचं प्रथिन. तांबड्याने ते सक्रिय होतं, दूरच्या तांबड्याने निष्क्रिय. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथे बोर्थविक, हेंड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांना हे दोन्ही प्रकाश आळीपाळीने दिले. बी रुजणार की नाही, हे शेवटच्या प्रकाशावर ठरलं!

अर्जेंटिनात बायारे आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये आणखी पुढची गोष्ट दाखवली. धोतऱ्याच्या एका जातीची आणि पांढऱ्या मोहरीची रोपं त्यांनी घेतली. शेजाऱ्यांची सावली अजून पडलेली नव्हती, तरी खोडं लांबत होती. मग खोडाभोवती मोरचुदाच्या द्रावणाची नळी बसवली. हे द्रावण दूरचा तांबडा अडवतं. खोडांचं लांबणं मंदावलं.

फायटोक्रोम सक्रिय असतं तेव्हा ते 'पिफ' नावाच्या प्रथिनांना आवरून धरतं. ते निष्क्रिय झालं की पिफ मोकळी होतात आणि पानांत ऑक्झिन हे संप्रेरक जास्त तयार होऊ लागतं. तासाभरात त्याची पातळी चढते. तिथून ते खोडात उतरतं, पेशींच्या भिंती सैल होतात, पेशी लांबतात. जिबरेलिन हे दुसरं संप्रेरकही मदतीला असतं.

याची किंमत मोठी असते. मुळांना वाटा कमी मिळतो, खोड कमजोर राहतं. जास्मोनेट या संप्रेरकाचा किडीविरुद्धचा बचावही ढिला पडतो.

म्हणून तण लहान असतानाच केलेल्या खुरपणीला इतकं महत्त्व आहे. तण खत-पाणी खातं, हे खरंच. पण त्याच्या पानांवरून परतलेला उजेडही पिकाच्या वाढीची दिशा बदलतो, आणि तो परिणाम जादा युरियाने भरून निघत नाही.