प्रत की पत्ता? समांतर लूपमधील ऑब्जेक्ट
लेखमाला : समांतर प्रोग्रॅमिंग – लेखांक ९

मॅटलॅबमधील क्लास दोन जातींचे असतात. व्हॅल्यू क्लासचा ऑब्जेक्ट दुसऱ्या व्हेरिएबलला दिला, की व्यवहारात त्याची वेगळी प्रत होते; एकीत केलेला बदल दुसरीला कळत नाही. हँडल क्लासचा ऑब्जेक्ट दिला, तर हातात पडतो तो केवळ पत्ता. दोन्ही व्हेरिएबल एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात. साध्या ‘फॉर’ लूपमध्ये हा हिशेब चोख चालतो. त्याच लूपचा ‘पारफॉर’ केला, की हँडलवरचा भरवसा दगा देतो.

कारण यंत्रणेच्या रचनेत आहे. पारफॉर लूपच्या फेऱ्या अनेक वर्करमध्ये वाटल्या जातात आणि नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक वर्कर ही स्वतंत्र प्रोसेस असते. तिची मेमरी तिची एकटीची. एका प्रोसेसमधील पत्त्याला दुसऱ्या प्रोसेसमध्ये काडीचाही अर्थ नसतो. म्हणून ऑब्जेक्ट फाइलमध्ये साठवावा तसा बाइटांच्या ओळीत उलगडला जातो, वर्करकडे धाडला जातो आणि तिथे पुन्हा उभा केला जातो. थोडक्यात, क्लास हँडल असो वा व्हॅल्यू, वर्करच्या हाती प्रतच लागते. सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर पेनाने नाव बदलले, म्हणून तलाठ्याकडची नोंद बदलत नाही.

समजा, ‘मोजणी’ नावाच्या हँडल ऑब्जेक्टमध्ये एक आकडा आहे आणि १००० फेऱ्यांच्या लूपमध्ये प्रत्येक फेरी त्यात १ मिळवते. साध्या लूपनंतर उत्तर १००० येते. पारफॉरनंतर मूळ ऑब्जेक्ट पाहावा, तर आकडा ०. बेरजा झाल्या, पण त्या वर्करकडच्या प्रतींवर; प्रतींमधले बदल आपोआप परत येत नाहीत. अडचणीची गोष्ट म्हणजे या सगळ्यात एकही चूक-संदेश दिसत नाही. व्हॅल्यू ऑब्जेक्टला फेरीत त्याच्याच बदललेल्या रूपाने बदलू पाहिले, तर पारफॉर तिथल्या तिथे अडतो : हे व्हेरिएबल फेरीच्या आरंभी रिकामे आहे, अशी तक्रार करतो. या ठिकाणी कटकट करणारा व्हॅल्यू क्लासच खरा मित्र म्हणायचा.

उपाय साधा आहे. फेरीने ऑब्जेक्ट बदलू नये, उत्तर परत द्यावे. प्रत्येक फेरीचे उत्तर ॲरेच्या तिच्या क्रमांकाच्या घरात ठेवले, तर पारफॉर ते तुकडे गोळा करून आणतो. बेरीज हवी असेल, तर बेरजेच्या व्हेरिएबलला तो ओळखतो आणि वर्करांच्या उपबेरजा शेवटी जुळवतो. मात्र जुळवणीचा क्रम ठरलेला नसतो. दशांश अपूर्णांकांची बेरीज क्रमानुसार किंचित बदलते, त्यामुळे शेवटचे एकदोन अंक दर वेळी तेच येतील असे नाही. हँडल ऑब्जेक्टच परत आणला, तर येतो तो नवा ऑब्जेक्ट; मूळ ऑब्जेक्टशी ‘==’ने तुलना केल्यास उत्तर ‘नाही’ असेच मिळते.

प्रतींचा खर्चही मोजावा लागतो. दहा कोटी दुहेरी अचूकतेच्या संख्या म्हणजे ८० कोटी बाइट. लूपमध्ये असा ॲरे सगळ्या वर्करना लागत असेल, तर आठ वर्करांसाठी मूळ प्रतीखेरीज ६४० कोटी बाइटांची मेमरी जाते. हँडलमध्ये हा खर्च दडून बसतो. दिसायला ऑब्जेक्ट चिमुकला, पण त्याच्या एका गुणधर्मात पालक-ऑब्जेक्टचा पत्ता, त्या पालकाकडे त्याच्या सगळ्या मुलांचे पत्ते. उलगडताना एकामागून एक सगळे कुटुंबच वर्करकडे जाते. असा गुणधर्म लूपला लागत नसेल, तर त्याला ‘ट्रान्झियंट’ जाहीर करावे, म्हणजे तो साठवलाही जात नाही आणि पाठवलाही जात नाही.

उघडलेली फाइल किंवा डेटाबेसची जोडणी तर प्रतीतून जाऊच शकत नाही. तिचा क्रमांक वर्करकडे निरर्थक ठरतो. २०१५ पासून उपलब्ध असलेला ‘पॅरलल डॉट पूल डॉट कॉन्स्टंट’ यासाठीच आहे. त्याला ऑब्जेक्टऐवजी तो घडवणारे फंक्शन द्यायचे. प्रत्येक वर्कर आपली जोडणी एकदाच उघडतो आणि पुढच्या लूपनाही तीच वापरतो.

२०२० मध्ये मॅटलॅबने थ्रेडवर चालणारे वर्कर आणले. ते एकाच प्रोसेसमध्ये राहतात, त्यामुळे मोठा ॲरे प्रत न करता सगळ्यांना वाचता येतो. सी++मधील ओपनएमपीची रीत आणखी मोकळी : लूपबाहेर घोषित केलेले व्हेरिएबल, वेगळे सांगितले नसल्यास, सामायिकच असते. पण तिथे ‘मोजणी’त १ मिळवणे म्हणजे वाचणे, मिळवणे आणि लिहिणे अशी तीन कामे. दोन थ्रेडनी एकाच वेळी ४१ वाचले, तर दोघेही ४२ लिहितात आणि एक मोजणी हरवते. मॅटलॅबमध्ये उत्तर ० आले, तर चूक निदान नजरेत भरते. इथे १००० ऐवजी ९९७ येते, आणि तेही रोज नाही.