मोटारीचे मूळ एंजिन आणि नायट्रस ऑक्साइड

दंतवैद्यांच्या परिचयाचा हा ‘हास्यवायू’ इंधन नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के प्राणवायू असतो, तर यात ३६ टक्के. सिलिंडरातील उष्णतेने वायूचे विघटन होऊन तो मोकळा होतो व अधिक पेट्रोल जाळता येते. दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) जर्मन विमानांनी अतिउंचीवरील विरळ हवेत याच गुणाचा उपयोग केला. एक भाग पेट्रोलास हा वायू सुमारे साडेनऊ भाग लागतो. पेट्रोल थोडे अधिक झाल्यास शक्ती घटते, एवढेच. कमी पडल्यास मात्र उष्णतामान चढून अकाली स्फोट होतात आणि ओतीव ॲल्युमिनियमचा मूळ दट्ट्या तडकतो वा वितळतो. म्हणून वायूबरोबरच जादा पेट्रोल सोडणारी रचना, लहान तोटी, किंचित उशिरा पडणारी ठिणगी आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्याखेरीज न उघडणारी झडप या गोष्टी अपरिहार्य ठरतात. बाटली उन्हात ठेवणे तर सर्वस्वी अयोग्य. दाब चढतोच, शिवाय सुमारे ३६.५ अंश सेल्सिअसच्या वर आत द्रव उरत नाही, आणि द्रवासाठी मोजून बसविलेल्या तोटीचा सारा हिशेब चुकतो.