खरेदीचा भाव आणि मनातील मान

व्यापारात भावना आणू नये, असे आपण मुलांना सांगतो. बँकेच्या सेवेत व्यापाऱ्यांचे हिशेब तपासण्यात माझे आयुष्य गेले. त्यावरून वाटते की, भावना व्यापाराबाहेर कधी नसतेच. क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय आपल्याला लहानपणापासून पाठ आहेत. त्यांपैकी क्रोध चारचौघांना दिसतो, लोभाची कबुली माणूस हसत हसत देतो. मान मात्र हिशेबाचा वेष घेऊन गादीवर बसतो, म्हणून तो ओळखू येत नाही.

2016 सालची गोष्ट. लातूर परिसरातील एका बाजारपेठेच्या गावी मी शाखाधिकारी होतो. आदल्या ऑक्टोबरात तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला 200 रुपयांपर्यंत पोहोचली होती. एप्रिलमध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तूर आणखी चढणार, अशी बाजाराची खात्रीच झाली होती. आमच्या एका जुन्या खातेदार शेठजींनी सरासरी 9,000 रुपये क्विंटल दराने 600 क्विंटल तूर गोदामात भरली. एकूण 54 लाख रुपये. त्यांतील बहुतेक रक्कम कॅश क्रेडिट खात्यातून.

पुढे पाऊस चांगला झाला. चढ्या भावामुळे शेतकऱ्यांनी तुरीचा पेराही वाढवला होता. दिवाळीच्या सुमारास भाव 7,000 वर आला. त्या दिवशी माल काढला असता तर तोटा 12 लाखांचा होता. पेढी तो सहज सोसू शकली असती. पण शेठजी म्हणाले, ‘‘साहेब, तूर काही पळून जात नाही. माझा भाव आला की काढू.’’

‘माझा भाव’ हा शब्द मी तेव्हा नीट ऐकला नाही. बाजाराला कोणाचा खरेदीभाव ठाऊक नसतो. खरे कारण मला पुष्कळ दिवसांनी कळले. त्यांच्या चुलत बंधूंनी आदल्या वर्षी 11,000 च्या वर तूर विकली होती, आणि एका लग्नाच्या पंगतीत ते सहज तसे बोलून गेले होते. त्या एका वाक्यामुळे 7,000 हा भाव शेठजींच्या लेखी अपमान ठरला.

देशातील तुरीचे उत्पादन आदल्या हंगामात सुमारे 25 लाख टन होते. ते 2016-17 मध्ये 48 लाख टनांच्या आसपास गेले. बोनससह हमीभाव 5,050 रुपये असताना बाजार त्याच्याही खाली उतरला. शेठजींनी अखेर 4,300 ने माल काढला. तोटा 28 लाख 20 हजार, व्याज वेगळे.

येथे माझाही दोष सांगितला पाहिजे. तारण मालाची किंमत खरेदीभाव आणि बाजारभाव यांपैकी जो कमी असेल त्याने धरायची, हा आमचा साधा नियम. शेठजींच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये सलग तीन महिने 9,000 हाच दर होता. मी तो पाहिला आणि सही केली. तीस वर्षांचे निष्कलंक खाते, गावात मान, वयाने वडील. त्यांना कसे विचारावे? भीड भिकेची बहीण म्हणतात. त्या तीन महिन्यांत मी एकदा जरी दर बदलून आणायला सांगितले असते, तर उचल मर्यादा कमी झाली असती आणि थोडा तरी माल वेळेवर विकला गेला असता.

डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडले की, जेवढ्या रकमेच्या नफ्याने आनंद होतो त्याहून तेवढ्याच तोट्याचे दुःख अधिक बोचते. पुढे त्यांनी हे प्रमाण सुमारे दुप्पट काढले. म्हणूनच तोट्यात असलेला माणूस निश्चित तोटा टाळण्यासाठी मोठा जुगार खेळतो. कानमन यांना 2002 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मला मात्र हे वाचताना शेठजींचे गोदामच डोळ्यांपुढे आले.

अशा वेळी स्वतःला विचारण्याचा प्रश्न एकच आहे : आज हा माल माझ्याकडे नसता, तर आजच्या भावाने मी तो घेतला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो ठेवणे म्हणजे रोज नव्याने खरेदी करणेच होय. पण भाव कोसळत असताना हा प्रश्न सुचत नाही, ही खरी अडचण. आपल्या परिग्रह-परिमाण व्रतातील व्यवहारज्ञान मला येथे जाणवते. मर्यादा मोह समोर येण्याआधी, चित्त शांत असताना ठरवायची असते. सामायिकाच्या 48 मिनिटांत भाव बदलत नाहीत असे नाही. पण बंधूंच्या पंगतीतील वाक्याचा आवाज तेवढा वेळ थोडा कमी होतो.

शेठजींनी रस्त्यालगतचा एक प्लॉट विकून खाते पूर्ण फेडले. त्याबद्दल ते कोणाला दोष देत नाहीत. आता पेढी मुलगा पाहतो. गेल्या वर्षी भेटलो, तेव्हा त्याने खरेदीची वही दाखवली. प्रत्येक सौद्यापुढे दोन आकडे आहेत : घेतल्याचा भाव, आणि त्याच दिवशी लिहिलेला, ज्याखाली गेल्यास माल ठेवायचा नाही असा भाव. दुसरा आकडा शेठजींच्या हस्ताक्षरात असतो. मुलगा म्हणाला, ‘‘काका, तो बदलायचा झाला तर आईचीही सही लागते.’’