गाडी ऐंशीला का थरथरते? गैरसमज आणि वस्तुस्थिती

वर्षानुवर्षं गावातल्या गावात पन्नासच्या पुढे न गेलेली बारा-पंधरा वर्षांची गाडी एक दिवस समृद्धी महामार्गावर किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चढते आणि काटा ऐंशीला टेकताच स्टेअरिंग हातात नाचायला लागतं. दोष त्या दिवशी उपजलेला नसतो. गल्लीबोळांत तो दडून होता, वेगाने बाहेर काढला. मग जो तो सल्ला देतो, खिसा हलका होतो आणि थरथर जागच्या जागी राहते. कारण आपण ‘काय बदलू?’ इथून सुरुवात करतो. पहिला प्रश्न हवा : ‘नेमकी कधी थरथरते?’

गैरसमज : गाडी जुनी झाली, थरथरायचीच.

वस्तुस्थिती : वयाने रबर कडक होतं, सांधे ढिले पडतात, हे खरं. पण थरथर उठते ती एखाद्या फिरणाऱ्या भागातून : चाक, डिस्क, शाफ्ट किंवा इंजिन. प्रत्येकाची फिरण्याची गती वेगळी, म्हणून हिसकेही वेगळे. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर असतो. ताशी ८० किलोमीटरला तो सेकंदाला साडेअकरा फेऱ्या मारतो. तेव्हा इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्यांवर असेल, तर ते सेकंदाला ४० वेळा फिरतं. त्यामुळे चाकाची थरथर जाड, धडधडल्यासारखी. इंजिनची बारीक, हाताला मुंग्या याव्यात तशी.

गैरसमज : अलाइनमेंट करून घ्या, जाईल.

वस्तुस्थिती : टायरच्या दुकानात ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग’ हा एकच शब्द असल्यासारखा उच्चारतात, कामं मात्र दोन आहेत. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं असणं. रिमच्या कडेला लावलेलं ३० ग्रॅमचं वजन गळून पडलं, तर ताशी १०० किलोमीटरला ते चाक सुमारे साडेचार किलोच्या जोराने ओढलं जातं आणि त्या ओढीची दिशा चाकाबरोबर गरगर फिरते. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. पन्नासला कळतही नाही ते शंभरला का छळतं, याचं उत्तर या हिशेबात आहे.

गैरसमज : बॅलन्सिंग केलंय, म्हणजे चाक निर्दोष.

वस्तुस्थिती : एका गणपतीत कोकणातून परतलो तेव्हा आमच्या गाडीचं स्टेअरिंग थरथरत होतं. बॅलन्सिंग केलं, दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी चाक काढून उलटं ठेवलं. रिमच्या आतल्या बाजूला लाल मातीचा भाकरीएवढा जाड थर वाळून बसला होता, त्यातला एक टवका नुकताच निघालेला. दुकानात मातीसकट बॅलन्सिंग झालं होतं! स्क्रूड्रायव्हरने खरवडली तर ओंजळभर निघाली. तेव्हापासून पावसाळ्यात आधी रिम आतून धुवायची, मग मशीनवर चढवायची.

शिवाय नेहमीचं बॅलन्सिंगचं मशीन वजन पाहतं, गोलाई नाही. खड्ड्यात वाकलेली रिम किंवा आतले थर सुटलेला टायर वजनाने बरोबर भरू शकतो आणि तरीही धडधडतो. सपाट जागी, हँडब्रेक लावून, इतर चाकांना दगड देऊन चाक जॅकवर उचला. टायरजवळ एक काठी स्थिर धरा आणि चाक हाताने हळू फिरवा. मधली फट कमी-जास्त झाली तर चोर सापडला. टायरला फुगा आलेला दिसला तर तो त्याच दिवशी बदला.

पुढची चाकं मागे टाकणं ही आणखी एक स्वस्त परीक्षा. थरथर स्टेअरिंगमधून सीटखाली सरकली, तर दोष चाकात. जागा सोडली नाही, तर हब, बेअरिंग किंवा शाफ्टकडे बघा.

गैरसमज : ऐंशीला थरथरते, शंभरला थांबते, म्हणजे काळजी नको.

वस्तुस्थिती : चाक आणि सस्पेन्शन यांची मिळून एक स्वाभाविक लय असते, मोटारींत ती साधारणपणे सेकंदाला १० ते १५ हेलकाव्यांच्या घरात असते. चाकाच्या फेऱ्या त्या लयीशी जुळल्या की थरथर फुगते, झोक्याला नेमक्या वेळी धक्का मिळावा तशी. वेग वाढला की ताल सुटतो आणि हाताला बरं वाटतं. जोर मात्र वाढलेलाच असतो आणि तो बेअरिंग न् बॉल जॉइंट सोसत राहतात.

गैरसमज : ब्रेक दाबल्यावरच थरथरते, म्हणजे डिस्क तापून वाकली.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतका बारीक असला तरी पायाला जाणवतो. हबवरचा गंज किंवा वेडेवाकडे आवळलेले नट यांमुळे डिस्क किंचित डोलत फिरते आणि असमान झिजते. गंज न घासता नवी डिस्क बसवली, तर काही महिन्यांत तोच खर्च पुन्हा. नट समोरासमोरच्या जोडीने आणि ठरलेल्या जोराइतकेच आवळायचे.

गैरसमज : इंजिन माउंट गेले असणार.

वस्तुस्थिती : मोकळ्या, सरळ रस्त्यावर ऐंशीचा वेग धरून पाचव्यातून चौथ्या गिअरमध्ये या. इंजिनच्या फेऱ्या वाढल्या, वेग तोच. थरथर तशीच राहिली तर इंजिनवरचा आळ काढून टाका. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की थरथरते आणि पाय उचलला की शांत होते, असं असेल तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत एक्सलचा आतला जॉइंट तपासा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस. थरथरीपेक्षा घुमल्यासारखा आवाज जास्त असेल आणि वळणावर तो बदलत असेल, तर संशय बेअरिंगवर.

गैरसमज : नक्षी शाबूत आहे, म्हणजे टायर चांगला.

वस्तुस्थिती : कमी चाललेल्या गाडीचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. त्याच्या कडेवरचे चार आकडे वाचा : २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३वा आठवडा. रबर कडक होऊन बारीक भेगा पडल्या असतील, तर नक्षीच्या खोलीवर विसंबू नका.

थरथर अचानक सुरू झाली किंवा दर किलोमीटरला वाढू लागली, तर परीक्षा घेत बसू नका. गाडी सुरक्षित जागी उभी करून आधी चाकांचे नट बघा. नाहीतर पुढच्या फेरीत शेजारी बसलेल्याकडून कागदावर एक ओळ लिहून घ्या : ‘८० ते ९५, स्टेअरिंगमध्ये, ब्रेक न दाबता, गिअर बदलला तरी तशीच.’ गॅरेजमध्ये ‘गाडी थरथरते’ म्हणण्याऐवजी तो कागद पुढे करा. मेकॅनिक बॉनेट उघडणार नाही. जॅक घेऊन सरळ पुढच्या चाकापाशी बसेल.