कंट्री संगीतातील स्मरणरंजन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागातील ग्रामीण संगीतातून विकसित झालेल्या कंट्री ह्या गानप्रकारातील एक प्रमुख आशयसूत्र. जुने घर, आई, गावचे चर्च, हरपलेला साधेपणा हे त्याचे नित्याचे विषय. ही ओढ आरंभापासूनची आहे. व्हायोलिनवादक जॉन कार्सन ह्याने १९२३ मध्ये अटलांटा येथे ध्वनिमुद्रित केलेले ‘द लिटल ओल्ड लॉग कॅबिन इन द लेन’ हे गीत विल हेझ ह्याने १८७१ मध्येच रचलेले होते. मूळच्या मिन्स्ट्रेल रंगभूमीवरील ह्या गीतात एक वृद्ध कृष्णवर्णीय माजी गुलाम मळ्यावरील जुन्या दिवसांसाठी झुरताना दाखविला आहे. गुलामगिरीचे दुःख त्यात नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेतील असंख्य कुटुंबे शेती सोडून उत्तरेकडील कारखान्यांत गेली आणि ह्या ओढीला खरेखुरे कारण मिळाले. बॉबी बेअरच्या ‘डिट्रॉइट सिटी’ (१९६३) मधील मोटार-कामगार घरी खुशालीची पत्रे धाडतो. मनातून मात्र तो खचलेला असतो. डॉली पार्टन हिचे ‘इन द गुड ओल्ड डेज (व्हेन टाइम्स वेअर बॅड)’ हे ह्या परंपरेतील सर्वांत प्रामाणिक गीत म्हणता येईल. टेनेसीच्या डोंगराळ भागात दारिद्र्यात वाढलेली ही गायिका आठवणींची माया मान्य करते, पण त्या हलाखीत परतण्यास साफ नकार देते. द जड्स ह्या मायलेकींच्या ‘ग्रँडपा’ (१९८६) ह्या गीतात तर गतकाळ गाणारीने पाहिलेलाच नाही. तो कसा होता, हे तिला आजोबांना विचारावे लागते.