परदेशी शिक्षण : पैसा कोणाचा, अट कोणाची?

४ जून १९१३ रोजी बडोद्यात भीमराव आंबेडकरांनी एका करारावर सही केली. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, ठरवून दिलेल्या विषयांचा अभ्यास आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. पौंडाचा भाव तेव्हा १५ रुपये होता. म्हणजे ही रक्कम महिना सुमारे १७२ रुपये होते. चरित्रे वाचताना आपण हा तपशील ओलांडून पुढे पदव्यांकडे जातो. मला मात्र वाटते, परदेशी शिक्षण समजून घ्यायचे तर आधी करार वाचावा. विद्यार्थी किती दिवस राहणार, काय शिकणार आणि कुठे परतणार, हे पैसा कोणत्या रूपाने आला यावर पुष्कळ अंशी ठरत आले आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासात या पैशाची निरनिराळी रूपे दिसतात. पहिले रूप मदतीचे. पत्नीच्या शिक्षणासाठी गोपाळराव जोशींनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्यांना पत्र लिहिले, तेव्हा मदतीमागे धर्मांतराची अपेक्षा उभी राहिली. जोशी दांपत्याने ती मानली नाही. पण तो पत्रव्यवहार छापून आला, न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला आणि त्यांच्याकडून विनाअट आपुलकी मिळाली. १८८३ मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १८८६ मध्ये पदवीधर झाल्या.

दुसरे रूप कर्जाचे. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी उभारला, तो मुद्दाम कर्ज देणारा. एकाने फेडलेली रक्कम पुढच्याच्या कामी यावी, हा त्यामागचा हिशेब. तिसरे रूप सेवेच्या वचनाचे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. मोठ्या पगाराच्या वाटा त्यांना मोकळ्या होत्या. तरी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला दिलेला शब्द पाळून ते तुटपुंज्या वेतनावर फर्ग्युसन कॉलेजात आले.

आंबेडकरांच्या करारात शिष्यवृत्ती आणि सेवा दोन्ही होते. त्यात सर्वांत कठोर होती ती मुदत. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र असे विषय घेतले. १९१५ मध्ये एम. ए. झाले. १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी त्यांनी नावे घातली. पण शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली होती.

करारानुसार ते बडोद्यात रुजू झाले. तिथे त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी म्हणून एका पारशी उतारगृहात राहिले. ओळख फुटल्यावर लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. करारात दहा वर्षांच्या सेवेची अट होती, पण त्या सेवेसाठी लागणाऱ्या छपराची हमी कोणीच दिली नव्हती. करार माणसाला बांधत होता. समाजाला बांधणारे त्यात एकही कलम नव्हते.

पुढचा पैसा त्यांनी स्वतः जमवला. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० सिडनहॅम कॉलेजात शिकवून शिल्लक टाकली, शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले. १९२० मध्ये लंडन गाठून १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळवली. कोलंबियाची पीएच. डी. मात्र १९२७ ची आहे, कारण तिथे प्रबंध छापून दाखल करावा लागे. तो १९२५ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. अभ्यास कधीच झाला होता. पदवी अडली ती छपाईपाशी.

आज राजाश्रयाची जागा बहुतेक घरांत बँकेच्या कर्जाने घेतली आहे. मोठ्या कर्जासाठी सहसा घर किंवा जमीन तारण पडते. शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, पण व्याज चढत राहते. दुसरे घड्याळ व्हिसाचे. अमेरिकेत विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास आणि तेही विद्यापीठाच्या आवारातच काम करता येते. पदवीनंतर १२ महिने कामाची मुभा असते. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना आणखी २४ महिने. पण त्या पहिल्या १२ महिन्यांत ९० दिवसांहून अधिक बेकार राहता येत नाही. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. तरी एका वर्षाचा खर्च आधीच बंद खात्यात ठेवून दाखवावा लागतो आणि तो महिन्याच्या ठरावीक रकमेनेच काढता येतो.

परिणाम उघड आहे. रुपयांत घेतलेले कर्ज रुपयांतल्या पगारातून फेडणे जड जाते. म्हणून विद्यार्थी आवडीच्या विषयापेक्षा लवकर नोकरी देणारा विषय निवडतो आणि परतणे लांबवतो. ‘मुले परत येत नाहीत’ अशी तक्रार आपण करतो. पण संस्थानी करार परत यायला भाग पाडत होता, बँकेचा करार तिथेच थांबायला भाग पाडतो. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना या कर्जचक्रातून सोडवते. तिचे मोल रकमेइतकेच त्या मोकळिकीत आहे.

तेव्हा घरात परदेशी शिक्षणाचा विचार निघाला, तर विद्यापीठाच्या क्रमांकाआधी तीन प्रश्न विचारावेत: पैसा केव्हा थांबेल, तो थांबला तर अभ्यास पुन्हा सुरू करता येईल का, आणि परतलो तर फेड कशी होईल? १९१७ मध्ये आंबेडकरांना परिस्थितीने तिन्ही प्रश्न एकदम विचारले. त्यांना तारले ते लंडनहून निघताना मागून घेतलेल्या चार वर्षांच्या मुदतीने. आणि १९२५ मध्ये कोलंबियाचा तो प्रबंध छापला गेला, तेव्हा त्यांनी तो सयाजीराव गायकवाडांना अर्पण केला. करार मोडला होता. ऋण त्यांनी मानले होते.